निर्वासित आई आणि मूल मुंबईत घर मांडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जोगेश्वरी-गोरेगाव भागातली सात-आठ माणसं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. २०२२ च्या पावसाळ्यात काबूलहून आलेली एक आई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी आमच्या ओळखीत आली. तिच्या नवऱ्याच्या माहितीतले सुक्या मेव्याचे एक व्यापारी मशीद बंदरला होते, तेवढाच तिला मुंबईचा पत्ता. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. शाळेत प्रवेश हवा म्हणून माझ्याकडे निरोप आला आणि मग एकेक काम मागे लागत गेलं. आता इतर ठिकाणची माणसंही आम्हाला विचारतात, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मायलेकींची नावं कुठेही लिहिणार नाही, का ते पुढे येईलच.

निर्वासित नेमकं कोणाला म्हणायचं?

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या सामाजिक गटातलं असणं यामुळे छळ होईल अशी साधार भीती असल्याने ज्याला स्वतःच्या देशात परत जाता येत नाही, तो निर्वासित. ही व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांचं सरकार थेट बघतं. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे देशांतून आलेल्यांची नोंदणी यूएनएचसीआर करते. ही संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची यंत्रणा.

कायदा नसला तरी या भागाला निर्वासित नवे नाहीत. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि त्या छावणीचंच १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्याच्या आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं राहून गेली, आणि त्यांत बहुतेक बायका-मुलंच होती. आमच्यातल्या एकांच्या सासूबाई कोल्हापूरच्या. लहानपणी पाहिलेल्या गोऱ्या बायकांची आठवण त्यांनी सांगितली, आणि घरातला या कामाला असलेला विरोध तिथेच मावळला.

यूएनएचसीआरचं कार्ड मिळालं की सगळं कायदेशीर होतं ना?

नाही, आणि हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. कार्डामुळे ही व्यक्ती निर्वासित म्हणून नोंदलेली आहे हे कळतं, पोलिसांसमोर आणि न्यायालयासमोर त्याला वजन असतं. पण कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. परदेशी व्यक्तीचं भारतात राहणं ठरतं ते व्हिसा आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय म्हणजे एफआरआरओ यांच्या कागदांवर. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ ने घेतली आहे, त्यामुळे जुनी माहिती ऐकून चालू नका. व्हिसाची मुदत संपण्याआधी काय करायचं ते वकिलाला विचारा.

केंद्राच्या २०११ च्या कार्यपद्धतीत निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांची छाननी करून दीर्घकालीन व्हिसा देण्याची सोय आहे. हा व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी करता येते, शिकता येतं. तो प्रत्येकाला मिळतोच असं नाही.

एक आधार मात्र पक्का आहे. राज्यघटनेचं कलम २१, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, केवळ नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. शिवाय कायदेशीर सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय कायदेशीर सेवा प्राधिकरणाची, हेल्पलाइन १५१००.

नोंदणी कुठे होते? मुंबईत होते का?

त्यासाठी दिल्लीतलं यूएनएचसीआरचं कार्यालय गाठावं लागतं. आम्ही तिच्यासोबत मुलाखतीला राजधानीने गेलो. आत मात्र ती एकटी गेली, आणि तेच योग्य. दुभाष्या तेच देतात. बाई असेल तर मुलाखत घेणारी आणि दुभाषी बाईच हवी असं आधी सांगता येतं. तसं जरूर सांगा, कारण काही गोष्टी ती परक्या पुरुषासमोर बोलणारच नाही.

या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. "फाइल पुढे सरकवतो" म्हणणारे दलाल भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. आणि तिला काय सांगायचं ते पढवू नका. गाडीत आमच्यातल्या एकीने चांगल्या मनाने म्हटलं, "हे सांग, ते नको सांगूस." ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, माझ्यावर जे झालं ते मला माहीत आहे." त्यानंतर आम्ही त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

कागदपत्रांची सुरुवात कुठून करावी?

एका प्लॅस्टिकच्या फाइलपासून. मूळ कागद एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे, आणि पहिल्या पानावर हाताने लिहिलेल्या मुदतीच्या तारखा : व्हिसा, पासपोर्ट, कार्ड, भाडेकरार. फाइल तिच्या घरी, तिच्या कपाटात. आमच्याकडे फक्त स्कॅन. सुरुवातीचे दोन महिने फाइल माझ्याकडे होती, "हरवू नये म्हणून". मग एकदा रात्री पोलिस चौकशीला आले तेव्हा तिच्या हातात दाखवायला काही नव्हतं. मला फोन आला, मी रिक्षा करून धावले. ते हवालदार समजूतदार होते म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी होती.

आता तारखांचा घोळ. अफगाणिस्तानात ओळखपत्राला तझकिरा म्हणतात आणि त्यावरचं साल तिथल्या सौर पंचांगाचं असतं. आपल्या साली ते आणायला ६२१ मिळवायचे, आणि जानेवारीपासून मार्चच्या विसाव्या तारखेपर्यंतचा जन्म असेल तर ६२२. त्यांचं वर्ष २१ मार्चच्या सुमारास नवरोजला सुरू होतं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय पंचांगातल्या १ चैत्राच्या आगेमागेच. महिन्यांची नावं चक्क राशींची आहेत. आमची मुलगी १३९२ च्या मिझान महिन्यातली. मिझान म्हणजे तराजू, आपली तूळ. म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर २०१३. पण पासपोर्टवर जन्मतारीख होती १ जानेवारी २०१३. नेमकी तारीख नोंदलेली नसली की अनेकदा अशी १ जानेवारी टाकून दिलेली असते. खरी तारीख कोणती यावर वाद घालत बसू नका. पासपोर्टवर जी आहे तीच सगळीकडे, अक्षराचाही फरक न करता, लिहा. तारखा दोन झाल्या की माणसंही दोन आहेत असा संशय येतो.

आडनावाचंही तसंच. अनेक अफगाण माणसांना आडनाव नसतं. आपल्या अर्जात तीन रकाने असतात, आणि कारकून सवयीने मधल्या रकान्यात वडिलांचं नाव घालून मोकळा होतो.

भाड्याने घर मिळतं का?

मिळतं, पण चपला झिजतात. आम्ही चौदा घरं पाहिली. फोनवर "हो" म्हणणारा मालक बाईला बघून "घर गेलं" म्हणायचा. पंधरावी खोली जोगेश्वरी पूर्वेला मिळाली, एका विधवा आजींची, वन रूम किचन. आजींनी प्रश्न एकच विचारला, "पाणी सकाळी साडेपाचला येतं, उठेल का?"

व्यवहार लपवाछपवीचा करू नका, तो तिच्याच अंगाशी येतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची आणि भाडेकरू परदेशी असल्यामुळे ती एफआरआरओच्या संकेतस्थळावरही कळवायची. आजींना ऑनलाइन जमणार नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्याशेजारी बसून ते भरलं. सोसायटीच्या कमिटीला आधीच भेटा, तिलाही सोबत न्या. कमिटीतल्या काकांना तिने वेलची घातलेला हिरवा चहा दिला. त्यानंतर पार्किंगपासून पाण्यापर्यंत तिच्या वतीने तेच भांडतात.

स्वयंपाकाच्या गॅसचं काय?

घरगुती जोडणीत वेळ जातो. तोवर पाच किलोचा छोटू सिलिंडर, जो ओळखपत्र दाखवून एजन्सीत मिळतो, किंवा इंडक्शन. भांडी घेताना तिला दुकानात न्या. आम्ही कढई, पोळपाट-लाटणं असा आपल्या घरासारखा संसार उभा केला होता. तिला हवा होता भात वाफवायचा जड बुडाचा मोठा टोप, आणि तोच आम्ही घेतला नव्हता.

मुलीला शाळेत घेतील का? आधार कार्ड नाही, दाखला नाही.

घ्यायला हवं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे, त्यात नागरिक असा शब्द नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष निम्मं सरलेलं असलं तरी घ्यावं लागतं. वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हेही त्यातच आहे.

प्रत्यक्षात ऑफिसातल्या बाई म्हणतात, "आधारशिवाय ऑनलाइनला नाव चढत नाही." त्यांचंही खोटं नाही, वरून रोज आकडा मागतात. भांडण नको. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज द्या, त्यात कायद्याचा उल्लेख करा, पासपोर्ट आणि कार्डाची झेरॉक्स जोडा, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की निम्मी कामं होतात. हे मी टेबलाच्या त्या बाजूला तीस वर्षं बसून सांगते आहे. नाही झालं तर वॉर्डच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे जा.

प्रवेशाच्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये नाव कसं लिहिलं जातंय ते डोळ्यांनी बघा. तिथे पडलेलं नाव पुढे प्रत्येक दाखल्यावर तसंच उतरतं.

माध्यमाबद्दल आमचं चुकलं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात : मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. मुलीला दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, उजवीकडून डावीकडे वाचता येत होती, म्हणून आम्ही परस्पर ठरवलं की उर्दू माध्यम सोपं जाईल. अर्जसुद्धा लिहिला. आईने वाचायला मागितला, दुभाष्याकडून समजून घेतला आणि परत दिला. तिला इंग्रजी हवं होतं. "उद्या कुठे जावं लागेल मला माहीत नाही. जिथे जाऊ तिथे चालेल अशी भाषा द्या." आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. तेव्हापासून नियम केला की तिच्या घराबद्दलचा कोणताही निर्णय ती खोलीत नसताना घ्यायचा नाही. मराठी तर मुलगी शिकतेच आहे, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची आहे.

महापालिकेकडून २७ शालोपयोगी वस्तू मिळतात. दप्तर मिळालं त्या दिवशी मुलगी ते पाठीला लावूनच झोपली.

भाषा अजिबात कळत नसेल तर बोलायचं कसं?

वाटतं तितकी अडचण नसते. हिंदी सिनेमे आणि मालिका पाहून अनेक अफगाण बायकांना हिंदी समजतं, बोलताना अडखळतात एवढंच. आणि आपल्या मराठीत फारसी किती मुरली आहे ते अशा वेळी कळतं. दरवाजा, बाजार, शहर, कागद, अर्ज, जमीन, हे सगळे शब्द तिला आधीच येत होते. जर्दाळू म्हटल्यावर तिचे डोळे चमकले, "जर्द" म्हणजे पिवळं आणि "आलू" म्हणजे त्या जातीचं फळ. फसगतही होते. "दफ्तर" म्हणजे तिच्या भाषेत ऑफिस. मी रोज सकाळी "दप्तर घेतलंस का?" म्हणून मुलीला विचारायचे आणि आई चक्रावायची. "हप्ता" म्हणजे तिच्यासाठी आठवडा. जुना फ्रिज हप्त्याने घेतला तेव्हा ती दर सोमवारी दुकानदारापुढे पैसे घेऊन उभी. त्या बिचाऱ्याने तीन आठवडे घेतलेही, मग त्यालाच राहवेना आणि त्याने आम्हाला फोन केला.

सरकारी काम, दवाखाना आणि पोलिस या तीन जागी मात्र मोडक्यातोडक्या हिंदीवर विसंबू नका. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच आहेत. त्यांतली एक विद्यार्थिनी आमच्यासाठी फोनवर दुभाषी झाली.

मुलीला दुभाषी करू नका. मुलं भाषा पटकन उचलतात, म्हणून हा मोह फार होतो. डॉक्टरांनी आईला विचारलेल्या प्रश्नाचं भाषांतर दहा वर्षांची मुलगी करत होती, "शेवटची पाळी कधी आली, पोटावर मार बसला होता का?" मी शेजारी उभी होते. मुलीचा आवाज हळूहळू खाली गेला आणि मग ती बोलायचीच थांबली. पुढच्या वेळेपासून फोन स्पीकरवर आणि मुलगी बाहेर बाकावर, चित्रकलेची वही घेऊन.

दवाखान्याचा खर्च?

महापालिकेचे दवाखाने आणि केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं आहेत. केस पेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, उपचार होतात. लहान मुलाचं लसीकरण पहिल्या आठवड्यातच तपासून घ्या. पोलिओचं चक्र न तुटलेले दोनच देश जगात उरले आहेत, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान. त्यामुळे कोणते डोस झाले, कोणते राहिले ते डॉक्टरांना नीट सांगावं लागतं. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी योजनेत मोफत मिळतात.

पहिल्या दोन वेळा सोबत जा. तिसऱ्या वेळी रांगेत तिला पुढे उभी करा आणि आपण मागे. चौथ्या वेळी घरी थांबा.

मूल रात्री घाबरून उठतं, बोलत नाही. काय करावं?

पहिल्या दिवाळीत आम्ही मोठ्या हौसेने फराळ घेऊन गेलो. खाली कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मुलगी ओट्याखाली शिरली, दप्तर छातीशी धरून, आणि आई तिच्यावर ओणवी. आईने तिचे कान झाकले होते, मुलीने आईचे. चकल्यांचा डबा माझ्या हातात तसाच राहिला.

आता आम्ही आधी सांगतो. गणपतीचे ढोल कधी, दहीहंडी कधी, दिवाळीचे कोणते दिवस, हे मुलीनेच कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवलेलं असतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दारं-खिडक्या लावून पंखा मोठा करायचा आणि मोठ्याने गाणी. केव्हा होणार ते माहीत असलं की भीती बरीच कमी होते. गेल्या वर्षी तिने गॅलरीतून फुलबाजी पाहिली, हातात मात्र घेतली नाही.

भूतकाळ खोदू नका, मूल सांगेल तेव्हा ऐका. जेवणाच्या, झोपण्याच्या, शाळेच्या वेळा ठरलेल्या असू द्या. चित्रांत सारखं तेच ते येत असेल, अंथरूण ओलं होत असेल, खाणं सुटलं असेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे. आणि आईकडेही लक्ष असू द्या. ती मुलीसाठी सावरलेली दिसते, पण तिचं रडणं नळाखाली भांडी घासताना होतं. घरात मारहाण होत असेल, किंवा झालेली असेल, तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं दिलासा केंद्र बायकांसाठी २००० सालापासून हेच काम करतं. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे क्रमांक तिच्या फ्रिजवर चिकटवून ठेवा.

तिला काम मिळेल का? पैसे कसे द्यायचे?

दीर्घकालीन व्हिसा नसेल तर रीतसर नोकरीचा मार्ग बंद असतो. बायका मग लपूनछपून राबतात आणि तिथे पिळवणूक होते. एका शिवणकामाच्या गाळ्यात तिला दोन महिने राबवून पैसे दिले नाहीत. तक्रार केली तर तिचेच कागद काढतील या भीतीने ती गप्प राहिली, आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. म्हणून व्हिसाच्या अर्जाचं काम सगळ्यात आधी हाती घ्या, बाकीचं मागून.

आम्ही आठ जण महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम एका पाकिटात देतो. कशावर खर्च केलं ते विचारत नाही. पहिल्या महिन्यात तिने मुलीसाठी महागडे बूट घेतले तेव्हा आमच्यात कुजबुज झाली. ते बूट मुलीने दोन पावसाळे घातले. परदेशातल्या मित्रांनी गटाला पैसे पाठवू का विचारलं, आम्ही नको म्हटलं. विदेशी योगदान कायद्यानुसार नोंदणी किंवा परवानगीशिवाय गटाला परदेशी देणगी घेता येत नाही.

सिम कार्ड माझ्या नावावर घेऊन देऊ का?

नका देऊ. पासपोर्ट आणि व्हिसावर तिच्याच नावाने घ्या. जरा जास्त फेऱ्या होतील.

पुढे काय? तिला नागरिकत्व मिळेल? की दुसऱ्या देशात जाईल?

हा प्रश्न तीही रात्री उशिरा विचारते. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याचा लाभ अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांपुरता आहे. त्यानंतर आलेली किंवा मुस्लिम व्यक्ती त्यात बसत नाही. मूल मुंबईत जन्मलं म्हणूनही नागरिकत्व मिळत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. पण जन्माची नोंद महापालिकेत जरूर करा, तो दाखला मुलाला जन्मभर लागतो.

तिसऱ्या देशात पुनर्वसन असतं, पण त्यासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. यूएनएचसीआर नाव सुचवते आणि तो देश ठरवतो. जगातल्या निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांना ही संधी मिळते. कॅनडात पाच नागरिक मिळून एखाद्या निर्वासित कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकतात अशी पद्धत आहे, पण त्या गटांचे नवे अर्ज घेणं नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबवण्यात आलं. हे सगळं तिला आहे तसं सांगा. "होईल सगळं नीट" असं आम्ही सुरुवातीला म्हणायचो. ती ते वाक्य धरून बसायची आणि दर महिन्याला विचारायची, कधी?

आपल्याच लोकांचे हाल कमी आहेत का?

नाहीत. मी आयुष्यभर ज्या मुलांना शिकवलं त्यांची घरं मला माहीत आहेत. पण त्याच वस्तीतल्या बायकांनी या मायलेकींना पहिल्यांदा जेवायला बोलावलं. नळावर नंबर लावायला शिकवलं, बायकांच्या डब्यात चौथी सीट कशी मागायची ते शिकवलं. हा प्रश्न मला त्यांच्याकडून कधी आला नाही.

फोटो काढून लोकांना दाखवला तर मदत लवकर मिळेल ना?

मिळेल. तरीही काढू नका. तिचा भाऊ अजून तिकडेच आहे. एक फोटो, एक नाव, शाळेचा गणवेश एवढ्यावरून माणूस सापडतो.

आपण किती दिवस गुंतायचं?

पहिलं वर्ष भरपूर, दुसरं कमी. गेल्या ऑगस्टमध्ये मुलीला ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या. मला कळलं ते चौथ्या दिवशी, तेही मी सहज फोन केला म्हणून. ती स्वतः कूपरला गेली होती, केस पेपर काढला, दाखल करून घ्या म्हणून भांडली, शेजारच्या काकूंकडून डबा मागवला. मी रागावले, "मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "ताई, तुमचे गुडघे दुखतात. पाऊस होता."

आम्हाला आजच काहीतरी द्यायचंय. काय देऊ?

जुने कपडे नकोत, ते खूप येतात. लोकलचा तीन महिन्यांचा पास द्या. जोगेश्वरीहून हार्बरची गाडी सरळ सीएसएमटीला जाते आणि एफआरआरओचं कार्यालय तिथून चालत, झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे. शंभर झेरॉक्सचे पैसे द्या. सॅनिटरी पॅड, चांगली छत्री, मुलाला पट्टीपेन्सिल नव्हे तर रंगपेटी. आणि जमत असेल तर महिन्यातली एक सकाळ, सरकारी कार्यालयाच्या बाकावर तिच्याशेजारी बसायला. नंबर पुकारला की उठू मात्र तिला द्या.